जायबंदी जवानाचे पुनर्वसन

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला आम्ही नववीच्या वर्गास पानिपतचा धडा शिकवीत होतो. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी रणांगणातून निघालेल्या महादजी शिंद्यांच्या पायावर शत्रूचा घाव कसा बसला, राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांचे प्राण कसे वाचविले आणि पुढे हा वीर जन्मभर लंगडत कसा चालला, हे सर्व आम्ही मोठ्या रंगात येऊन सांगितले. उज्जयिनी ही शिंद्यांची जुनी राजधानी. तेव्हा येथील मुलांस महादजी परके नाहीत. धडा संपताच एक विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, पाय अधू झाल्यावर महादजींना काम कोणी दिले?"

वर्ग हसला; क्षणभर आम्हीही हसलो. मधल्या सुट्टीत कळले की, त्या मुलाचे वडील सैन्यात होते. सुरुंगाच्या स्फोटात एक पाय गमावून ते नुकतेच घरी परतले होते. आम्हांस आमच्या हसण्याची लाज वाटली. त्या मुलाचा प्रश्न मुळीच हसण्यासारखा नव्हता. विद्यार्थी मित्रहो, त्याचे उत्तर द्यावे म्हणूनच हा लेख लिहीत आहोत.

महादजींपुरते उत्तर सोपे आहे. ते सरदार घराण्यातील होते. पाय अधू झाला, तरी घोड्यावर बसता येत होते, फौज उभारता येत होती. १७७१ साली मराठ्यांनी पुन्हा दिल्लीत पाऊल ठेवले व पुढच्याच वर्षी शाहआलम बादशहास तेथे गादीवर आणून बसविले, त्या राजकारणाचे एक प्रमुख सूत्रधार हेच महादजी होत. परंतु त्यांच्यामागून धावणाऱ्या साध्या शिपायाचे काय? पेशव्यांच्या काळी लढाईत पडलेल्यांच्या मुलाबाळांस 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक मिळे, आणि ती व्यवस्था त्या काळास भूषणावहच होती. तथापि जो मेला नाही, पण ज्याचा हात वा पाय गेला, त्यास नवा धंदा शिकवून पुन्हा उभे करावे ही कल्पना जगात फार उशिरा आली.

ती आली पहिल्या महायुद्धात. १९१५ साली लंडनमध्ये आर्थर पिअर्सन यांनी दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स नावाची संस्था काढली. पिअर्सन स्वतः अंध होते. आंधळ्यास भाकरी देण्यापेक्षा भाकरी मिळविण्याची विद्या द्यावी, असा त्या संस्थेचा रोख होता. त्याच युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली होती. त्यांतील जायबंदी होऊन परतलेल्यांसाठी १९१७ साली मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झाले. पुढे ते पुण्याजवळ खडकी येथे गेले. आज ते क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट या नावाने ओळखले जाते, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी जखमी जवानांस नवा व्यवसाय शिकविण्याचे त्याचे मूळ कार्य चालूच आहे.

दुसऱ्या महायुद्धाने या कार्यात आणखी भर घातली. १९४३ साली देहरादून येथे युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी वसतिगृह निघाले. ते चालविणारे सर क्लुथा मॅकेन्झी हे स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे सैनिक होते. १९४४ साली पुण्यास कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. महादजींनी ज्या वानवडीस १७९४ साली देह ठेवला, तेथून हे केंद्र जवळच आहे. आणखी एक गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस नवलाची वाटेल. पदवीधर तरुण आज ज्या रोजगार कार्यालयात नाव नोंदवितात, त्या यंत्रणेचा पाया १९४५ साली घातला गेला तो मुळी सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या शिपायांस व युद्धकामगारांस नागरी जीवनात काम मिळवून देण्यासाठी. सर्वसामान्य उमेदवारांस तिचे दार स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली उघडले.

आता पुनर्वसन म्हणजे नेमके काय, ते पाहू. जखम बरी होणे हे त्याचे पहिले पाऊल. दुसरे पाऊल कृत्रिम अवयवाचे. नवा पाय केवळ बांधून भागत नाही. उरलेल्या अवयवाची सूज उतरावी लागते, स्नायू बळकट करावे लागतात, मापे घ्यावी लागतात, आणि मग दोन समांतर दांड्यांच्या आधाराने मोठा माणूस मुलासारखा पुन्हा चालावयास शिकतो. तिसरे पाऊल पारखीचे. या माणसास पूर्वी काय येत होते, आता काय येऊ शकेल, त्याची आवड काय, गावी कोणता धंदा चालेल, हे नीट पाहावे लागते. दोन्ही पाय नसलेला माणूस बसून घड्याळे किंवा विजेची उपकरणे दुरुस्त करील, हिशेब लिहील, संगणक चालवील. पण एक हात नसलेल्यास तीच कामे तशीच जमतील असे नाही. म्हणून अमुक व्यंगास अमुक काम असा ठरीव तक्ता करून चालत नाही. चौथे पाऊल प्रशिक्षणाचे, पाचवे काम मिळवून देण्याचे. सहावे पाऊल बहुधा विसरले जाते. कामावर रुजू झालेला माणूस सहा महिन्यांनी, वर्षाने तेथे टिकून आहे की नाही, याची चौकशी करणे हे ते पाऊल होय.

या कामी सरकारचे हात अनेक आहेत. संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत पुनर्वसन महासंचालनालय आहे. केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून सैनिक कल्याण कार्यालये आहेत. सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रमांत व बँकांत 'क' वर्गाच्या १४.५ टक्के आणि 'ड' वर्गाच्या २४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असून, त्या दोहोंतही ४.५ टक्के जागा जायबंदी माजी सैनिकांसाठी व वीरगती प्राप्त झालेल्यांच्या कुटुंबीयांसाठी आहेत. नागरी क्षेत्रात १९६८ साली मुंबई व हैदराबाद येथे व्यावसायिक पुनर्वसन केंद्रे निघाली. आपल्या राज्यात जबलपुरास असे केंद्र आहे. कृत्रिम अवयव बनविणारे 'एलिम्को' हे सरकारी महामंडळ १९७२ साली कानपुरास स्थापन झाले. त्याची एक शाखा आपल्या उज्जयिनीतही आहे, हे किती नागरिकांस ठाऊक असेल?

एवढे असूनही काम पुरे झाले असे म्हणवत नाही. राखीव जागांपैकी पुष्कळ जागा रिकाम्याच राहतात. कोठे जाहिरात खेड्यापर्यंत पोहोचत नाही, तर कोठे रणगाडा दुरुस्त करणाऱ्याचे कसब नागरी कागदपत्रांच्या रकान्यांत बसत नाही. परिणामी कुशल कारागीरही पहारेकऱ्याच्या खुर्चीवर जाऊन बसतो. पहारा देणे कमीपणाचे आहे असे नव्हे. पण माणसाच्या अंगचा गुण वाया जावा हे राष्ट्राचेही नुकसान आहे.

याहून मोठी अडचण आम्हां सर्वांच्या मनात आहे. आम्ही मूळचे कोकणपट्टीचे. आमच्या लहानपणी गावात एकाहत्तरच्या लढाईत पाय गमावलेले एक गृहस्थ होते. आम्ही मुले त्यांस मिलिटरीकाका म्हणत असू. शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात आवर्जून थांबे. शाळेच्या झेंडावंदनाला त्यांस पुढची खुर्ची मिळे. परंतु सोसायटीत हिशेबनिसाची जागा निघाली, तेव्हा चांगले लिहिता-वाचता येणाऱ्या या माणसाचे नाव कोणासही सुचले नाही. "त्यांस कशाला त्रास?" असे जो तो म्हणे. त्यांची उरलेली वर्षे ओसरीवर रस्ता पाहण्यात गेली. गावाने त्यांस मान दिला. काम दिले नाही. त्या वेळी आम्हांस यात काही चुकले असे वाटले नव्हते.

काम मिळाले म्हणजे काय घडते, याची उदाहरणेही आपल्याजवळ आहेत. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. ते मूळचे मुष्टियोद्धे. पाय निकामी झाल्यावर ते पोहण्याकडे वळले. १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर अंतर ३७.३३ सेकंदांत तोडून सुवर्णपदक मिळविले. अपंगांच्या त्या स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. पदकाने पोट भरत नाही; त्यांनी पुण्यास टेल्कोत नोकरी करून संसार केला. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. १९७१ च्या युद्धात सुरुंगाने पाय गमावलेले इयान कार्डोझो कृत्रिम पायानिशी डोंगर चढून दाखवीत राहिले आणि पायदळाच्या पलटणीचे नेतृत्व करणारे भारतीय सेनेतील पहिले युद्धजायबंदी अधिकारी ठरले. खडकीस १९७४ पासून असलेल्या पक्षाघात पुनर्वसन केंद्रात पाठीचा कणा दुखावलेले जवान चाकाच्या खुर्चीत बसून खेळतात, नवे कसब शिकतात. कोणी तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. प्रत्येकास पदक मिळणार नाही, मिळावयासही नको. सकाळी उठून जावयाचे एक ठिकाण आणि महिनाअखेर स्वकष्टाचे चार पैसे, एवढेच पुष्कळ आहे.

आता त्या मुलाविषयी. पुढे एके दिवशी त्याचे वडील कुबडी घेऊन शाळेत आले. आम्ही त्यांच्यासाठी लगबगीने खुर्ची ओढली. ते हसून म्हणाले, "गुरुजी, बसून बसून कंटाळा आलाय. वायरलेसचं काम येतं मला. कुठं काही असेल तर सांगा." आम्ही त्यांस सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता दिला व दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर तेथे गेलो. अर्ज झाला आहे. त्याचे फळ अद्याप हाती आलेले नाही. म्हणून या कथेचा शेवट आम्हांस येथे लिहिता येत नाही.

विद्यार्थी मित्रहो, १९४९ पासून दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. त्या दिवशी छातीवर लावावयाचा छोटा झेंडा तुम्ही घ्यालच. तो निधी याच कार्यास लागतो. पण उद्या तुमच्यापैकी कोणी दुकानदार, कारखानदार, अधिकारी होईल, आणि एखादा जवान कृत्रिम पायाने तुमच्या दारात येईल. त्या वेळी खुर्ची अवश्य द्या. आणि त्यास काय काय येते, तेही विचारा.