टपावरचे पाणी जाते कुठे?

मोटारीच्या टपाला घराच्या छपरासारख्या पन्हळी असतात, हे आम्हांला वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत ठाऊक नव्हते. आमच्यासारख्या कारकुनाचा मोटारीशी संबंध तो काय? साहेबांच्या गाडीच्या पेट्रोलची बिले तपासायची, एवढाच. पण गेल्या वर्षी आमच्या थोरल्या बंधूंनी निवृत्तीच्या फंडातले पैसे घातले, उरलेल्या रकमेचे कर्ज काढले आणि पुतण्याला एक जुनी, पण बऱ्या स्थितीतली मोटार घेऊन दिली. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा अशा पर्यटकांच्या फेऱ्या मारायच्या आणि त्यातून हप्ता फेडायचा, असा बेत. गाडीच्या टपाला सरकती काच होती. पोराला त्या काचेचे भारी अप्रूप.

जूनमध्ये पहिला दांडगा पाऊस झाला आणि सकाळी पाहतो तो चालकाच्या पायाखालची चटई भिजून चिंब. भाऊंनी पोरालाच झापले, काच उघडी टाकून झोपलास म्हणून. पोरगा शपथेवर सांगत होता की काच बंद होती. दोन दिवस बापलेकांत अबोला. मग गाडी गॅरेजात गेली. तिथे सांगितले, एसीचे पाणी आहे. एसीची नळी झाली. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मग समोरच्या काचेचे रबर बदलले. दोन्ही मिळून सहा हजार तीनशे रुपये गेले आणि तिसऱ्या पावसानंतर तर गाडीच चालू होईना. समोरच्या पाटीवर तांबडे-पिवळे दिवे लागलेले. वेरूळची ठरलेली फेरी दुसऱ्याला द्यावी लागली. हप्ता सात तारखेला. घरात बोलणे सुरू झाले की गाडी विकून टाकावी, पोराच्या नशिबात धंदा नाही.

उलगडा केला तो आमच्या वहिनींनी. त्या मोटार चालवत नाहीत. पण दर जूनला गच्चीवर चढून स्लॅबचा पाइप मोकळा करणे हे त्यांचे काम. त्या म्हणाल्या, "भाऊजी, गच्चीचा पाइप तुंबला की पाणी भिंतीतून उतरतं, वरून गळत नाही. गाडीचंही तसंच असेल की." त्यांनी काच सरकवायला लावली आणि चौकटीच्या खोबणीतून बोट फिरवले. बोटाला काळा गाळ आणि त्यात चिंचेची पानेच पाने! गाडी सबंध उन्हाळा चिंचेखाली उभी असे. चिंचेचे, गुलमोहराचे पान इतके बारीक की नेमके नळीच्या तोंडात जाऊन बसते. त्यावर आपल्या मराठवाड्याची उन्हाळी धूळ बसली आणि पावसाचे चार थेंब पडले की चिखलाचे बूच तयार.

शेजारी एक मामा राहतात, मोटारीच्या कारखान्यात कंत्राटावर काम केलेले. (आपल्या शहराचे नाव आता छत्रपती संभाजीनगर झाले, पण मोटारींशी नाते जुने आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजच्या गाड्या, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी. २०१० साली इथल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. ज्यांनी त्या धुतल्या-पुसल्या त्यांची मात्र कुठे चर्चा झाली नाही!) मामांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही चाट पडलो. टपावरच्या काचेचे रबर सगळे पाणी अडवते, ही समजूतच चुकीची. थोडे पाणी आत यायचेच, हे धरूनच ती काच बसवलेली असते. ते चौकटीच्या खोबणीत उतरते, कोपऱ्यांतल्या भोकांत जाते आणि बारीक नळ्यांतून खाली रस्त्यावर पडते. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून उतरतात, बऱ्याच गाड्यांत मागेही दोन असतात. कारखान्यात तयार गाडीवर पाण्याचे फवारे मारून हीच परीक्षा घेतात. नळी तुंबली की खोबण भरते आणि पाणी टपाच्या अस्तरावरून, खांबातून सरळ पायाशी येते.

आम्ही हिशेबाची माणसे, म्हणून आकडेमोड करून पाहिली. एक चौरस मीटर जागेवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर २५ लिटर पाणी होते, म्हणजे दोन कळशा. त्यातले बहुतेक काचेवरून ओघळून जाते. दशांश जरी खोबणीत उतरले तरी अडीच लिटर! आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे दुष्काळी मुलखातली गाडीसुद्धा बुडू शकते.

आता इलाज. गाडी सपाट जागी उभी करावी, काच पूर्ण उघडावी, ओल्या फडक्याने आणि जुन्या दातघाशीने खोबण पुसून घ्यावी. गाळ भोकात ढकलू नये, बाहेर ओढावा. मग एकाने पेल्याने कोपऱ्यात थोडे थोडे पाणी सोडावे आणि दुसऱ्याने खाली बसून पाहावे. ते चाकाजवळ किंवा दाराच्या बिजागरीपाशी पडताना दिसले पाहिजे. चारही कोपरे वेगवेगळे तपासावेत, कारण आमच्या गाडीचे तीन चालू होते आणि एकच बंद होता. पाणी साचून राहिले तर गवत कापायच्या यंत्रात लावतात ती नायलॉनची दोरी घ्यावी, तिचे टोक घासून बोथट करावे आणि हलक्या हाताने फिरवत आत सारावी. लोखंडी तार मुळीच घालू नये. नळी रबराची किंवा प्लॅस्टिकची असते. ती फाटली किंवा वरच्या जोडातून निसटली, तर सगळे अस्तर उतरवावे लागते. पंक्चरवाला पोरगा "हवा मारू का?" म्हणून प्रेमाने विचारील. त्यालाही नको म्हणावे, कारण जोराच्या हवेनेही जोड सुटतो. काही नळ्यांच्या खालच्या टोकाला चीर पाडलेले रबरी तोंड असते. ते चिखलाने चिकटते, दोन बोटांत दाबले की उघडते.

एसीचे पाणी की पावसाचे, हे ओळखणेही अवघड नाही. एसीचे पाणी एसी चालू असताना येते, मग बाहेर कडक ऊन का असेना. टपाचे पाणी पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर येते. हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर भाऊंचे सहा हजार वाचले असते. बोनेटच्या मागे, वायपरखालच्या जाळीतही पाने साचतात. तीही काढून टाकावीत.

उघड्या टपाच्या मोटारी आपल्याकडे रस्त्यावर क्वचितच दिसतात, पण त्यांच्या मालकांचेही दुखणे हेच. जपानच्या माझदा एमएक्स-५ या दोन माणसांच्या गाडीत कापडी टपाचे पाणी सीटच्या पट्ट्यांमागच्या भोकांतून मागच्या चाकांपुढे उतरते. तिथे पाने अडकली की सीटमागे तळे. जुन्या लष्करी जीपचे बरे होते. पाणी आत येणारच, हे गृहीत धरून तिच्या तळालाच बुचाची भोके ठेवलेली होती. मलिक अंबरच्या नहरीचे कारागीरही असेच धोरणी. सतराव्या शतकात जमिनीखालून पाणी शहरात आणताना त्यांनी नळातली हवा बाहेर पडायला जागोजाग उंच मनोरे बांधले.

आमच्या गाडीचे बूच निघाले ते करंगळीच्या पेराएवढे! पाणी भळकन खाली पडले. पण काम तिथे संपले नाही. चटईखालच्या जाड फोममध्ये पाणी दिवसेंदिवस राहते, कुबट वास येतो आणि तिथूनच जाणाऱ्या वायरी गंजतात. गाडी बंद पडली ती यामुळेच. भाऊ आणि पुतण्याने मिळून पुढच्या सीटा काढल्या, चटई उचलून तीन दिवस पंख्याखाली ठेवली. वायरिंगचा एक जोड हिरवा पडला होता. आयटीआय झालेल्या ओळखीच्या मुलाने तो साफ करून बसवला. दिवे विझले. त्या महिन्याचा हप्ता आठ दिवस उशिरा गेला, दंड भरून.

आता गाडी चिंचेखाली उभी राहत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भाऊ स्वतः पेला घेऊन टपाशी उभे असतात आणि पुतण्या खाली उकिडवा बसून "आलं, आलं" म्हणून ओरडतो. पर्यटकांची पोरे मात्र काचेतून डोके बाहेर काढायचा हट्ट धरतात. त्यांना पुतण्या सक्त नकार देतो, आणि तेच बरोबर आहे.