पुण्यातल्या पेशी आणि मेंदूची गाठ

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. मेंदूच्या सर्वांत आक्रमक गाठीवर, म्हणजे ग्लिओब्लास्टोमावर, तिथे डॉ. अंजली शिरस यांनी बरंच काम केलं. त्यांच्या गटाने एका रुग्णाच्या गाठीतून एचएनजीसी-१ आणि एचएनजीसी-२ अशा दोन पेशीमालिका वाढवल्या. २००३ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. पहिली संथ वाढणारी. तिच्यातूनच आपोआप निपजलेली दुसरी मात्र भलतीच आक्रमक. गाठ कशी बिघडत जाते हे बघायला याहून सोयीची जोडी कुठली?

तरीही ताटलीतल्या पेशी म्हणजे मेंदू नव्हे. ही गाठ निरोगी भागात मुळांसारखी शिरते, म्हणून शस्त्रक्रियेने ती पूर्ण निघत नाही. हे शिरणं पाहायला आजूबाजूला माणसाचीच ऊती हवी. उंदराचा मेंदू तिथे तोकडा पडतो.

२०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिच यांनी मूळपेशींपासून काही मिलिमीटरचे ‘ऑर्गनॉइड’, म्हणजे मेंदूच्या ऊतीचे गोळे, वाढवले. आता अशा गोळ्यांत रुग्णाच्या गाठीतल्या पेशी सोडून त्या कशा पसरतात हे पाहता येतं. २०२० मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने तर गाठीच्या तुकड्यांपासूनच दोनेक आठवड्यांत ऑर्गनॉइड तयार केले. एवढ्या लवकर मिळाले तर त्याच रुग्णासाठी औषधं तपासण्याचा विचार तरी करता येतो. मात्र या गोळ्यांत वाहत्या रक्ताच्या वाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातून दिलेलं औषध मेंदूपर्यंत पोहोचेल का, हे त्यांवरून सांगता येत नाही.