नकाशा, पंप आणि केटामाइन

आपल्या वर्धा जिल्ह्यात विहीर खणायला घेतली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पत्थर. हा लाव्हारसाचा दगड. तो पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे त्यातून नदी वाहील अशा गुहा आपल्याकडे तयार होत नाहीत. हीच वर्धा नदी खाली चंद्रपूर जिल्ह्यात उतरली की राजुरा-कोरपना भागात जमिनीखाली चुनखडी येते. गडचांदूर, आवारपूरचे सिमेंट कारखाने तिच्याच भरवशावर उभे आहेत. चुनखडीचा स्वभाव वेगळा. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, भेगांतून झिरपते आणि दगड विरघळवत जाते. लाखो वर्षांत भेगेची नळी होते, नळीचे भुयार होते आणि वरची नदी खालून वाहू लागते. अशा प्रदेशाला भूगर्भशास्त्रात ‘कार्स्ट’ म्हणतात.

विदर्भातल्या माणसाला अशी गुहा बघायची तर बस्तरमधली, कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानातली कुटुमसर गाठावी. आंधळ्या माशांमुळे ती प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात मात्र ती बंद ठेवतात, कारण आत पाणी भरते. आपण पर्यटक म्हणून दारावरचा ‘बंद’ हा फलक वाचतो आणि नाराज होऊन परततो. पाणी भरते म्हणजे नेमके काय होते, हे सगळ्या जगाने २०१८ च्या जून-जुलैमध्ये पाहिले, थायलंडच्या थाम लुआंग गुहेत.

ती हकीकत वाचकांना ठाऊक आहे. २३ जून रोजी ११ ते १६ वयाची बारा मुले आणि त्यांचा २५ वर्षांचा सहायक प्रशिक्षक फुटबॉलचा सराव आटोपून गुहेत शिरले, मागे पावसाने वाट बुडाली. २ जुलैला ते सापडले आणि ८ ते १० जुलै या तीन दिवसांत सगळे जिवंत बाहेर आले. सिनेमेही निघाले. त्यांत पाणबुड्यांचे धाडस दिसते आणि ते खरेच होते. पण डॉक्टर म्हणून हे प्रकरण वाचताना माझे लक्ष वारंवार एका साध्या गोष्टीकडे गेले. त्या गुहेचा नकाशा आधीच तयार होता.

दहा किलोमीटरहून लांब असलेल्या या गुहेची पहिली पद्धतशीर मोजणी १९८० च्या दशकात फ्रेंच गुहाशोधकांनी केली. पुढे त्या भागात राहणारे ब्रिटिश गुहाशोधक व्हर्नन अन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात भर घातली. कोणी सांगितले नव्हते, त्यातून पैसा मिळणार नव्हता. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आत जायचे, चिखलात सरपटायचे आणि आकडे लिहायचे. पद्धत वरवर सोपी आहे. एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंतचे अंतर फितीने किंवा लेझरने मोजायचे, होकायंत्रावर दिशा बघायची, उतारमापकावर चढउतार बघायचा. शिवाय डावी-उजवी भिंत किती लांब, छत किती उंच, तळ किती खाली. मग पुढची खूण. अशा शेकडो खुणा जोडल्या की कागदावर गुहा उमटते. प्रत्येक मापातली छोटी चूक पुढच्या मापात मिसळत जाते, म्हणून जिथे दोन वाटा फिरून एकत्र येतात तिथे हिशेब जुळतो का ते तपासतात. जिथे छत थेट पाण्यात बुडते तिथे बुडी मारूनच पुढे जावे लागते. अशा ठिकाणी ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी सोडतात. पाणबुड्या गाठी मोजतो, मनगटावरचे होकायंत्र आणि खोलीमापक बघतो. गढूळ पाण्यात तेवढेही दिसले नाही तर दोरी हाताने चाचपत परत यायचे.

मुले बेपत्ता झाल्यावर अन्सवर्थ यांनी दोन कामे केली. गुहेतील मोठ्या तिठ्यानंतर मुले डावीकडच्या फाट्यात, ‘पट्टाया बीच’ नावाच्या उंचवट्याच्या आसपास असतील असा अंदाज बांधला. आणि ब्रिटनच्या गुहा-पाणबुड्यांची नावे अधिकाऱ्यांना दिली. समुद्रात पोहणारे कितीही तरबेज असले तरी डोक्यावर दगडी छत असलेल्या पाण्यात वेगळे शिक्षण लागते. रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथन दोरी अंथरत त्याच वाटेने गेले. पट्टाया बीचवर कोणी नव्हते, मुले त्याच्या जरा पुढच्या उंचवट्यावर होती, तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत. पाण्यातून डोके वर काढताच, मुले दिसण्याआधी, त्यांना वास आला.

सापडली, पण काढायची कशी? पाण्याची पातळी खाली आणल्याशिवाय काहीच शक्य नव्हते आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो. भारतीय दूतावासाच्या शिफारशीवरून किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ ५ जुलैपासून तिथे होते. त्यांत सांगली जिल्ह्यातले प्रसाद कुलकर्णी आणि श्याम शुक्ला हे दोन भारतीय अभियंते. पाणी उपसण्यासाठी चार मोठे पंप किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात विमानाने पाठवायला सज्ज ठेवले होते. प्रत्यक्षात अडचण पंपाच्या ताकदीची कमी आणि गुहेच्या आकाराची जास्त होती. वाट अरुंद, वळणांची, आत मिट्ट अंधार, जनित्राच्या विजेचा भरवसा नाही आणि वरून पाऊस. कुलकर्णी यांनी तेव्हा वार्ताहरांना सांगितल्याप्रमाणे लहान पंपांवर भागवावे लागले. दरम्यान डोंगरावरचे ओढे अडवून, वळवून गुहेत मुरणारे पाणी तोडण्याचे काम दुसऱ्या पथकांनी केले. उपसलेले पाणी शंभर कोटी लिटरांहून अधिक झाले. ते खालच्या भातखाचरांत गेले, पिके बुडाली, आणि त्यातल्या अनेक शेतकऱ्यांनी भरपाई नको म्हणून सांगितले. कापूस-सोयाबीन पाण्याखाली जाताना पाहिलेल्या आपल्या लोकांना याची किंमत वेगळी सांगायला नको. या सगळ्यामुळे तोंडाकडच्या पहिल्या दीड किलोमीटरच्या बऱ्याच भागात पाण्यातून चालत जाता येऊ लागले.

तेवढ्यात हवेची बातमी आली. मुले बसली होती तिथला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला होता. वर्तमानपत्रांनी हा आकडा मृत्यूची घंटा असल्यासारखा छापला. जरा हिशेब करू. १५ टक्के प्राणवायू म्हणजे साधारण पावणेतीन हजार मीटर उंचीवर श्वास घेण्यासारखे. केदारनाथ साडेतीन हजार मीटरहून उंच आहे आणि तिथे आपले आजी-आजोबा जाऊन येतात. तेव्हा तो आकडा एकटा जीव घेणारा नव्हता. धास्ती दोन गोष्टींची होती. एक, तो खाली येत होता. दोन, बंद जागेत प्राणवायू घटतो तेव्हा उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. बाहेरच्या हवेत तो जेमतेम ०.०४ टक्के असतो. पाच टक्क्यांच्या आसपास धाप आणि डोकेदुखी, दहाच्या आसपास शुद्ध हरपते. प्रशिक्षक पूर्वी बौद्ध भिक्षू होता. त्याने मुलांना शांत बसून ध्यान करायला लावले. यात चमत्कार नाही. धडपड न करणारे शरीर प्राणवायू कमी वापरते आणि कार्बन डायऑक्साइड कमी सोडते.

हाच वायू आपल्या शेतातही माणसे मारतो, म्हणून जरा थांबतो. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या विहिरीत गाळ काढायला किंवा मोटार दुरुस्त करायला माणूस उतरतो आणि निपचित पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. तळाशी कुजणाऱ्या पालापाचोळ्याने प्राणवायू खाल्लेला असतो आणि हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तिथेच साचलेला असतो. विहिरीत डिझेल इंजिन चालवले असेल तर कार्बन मोनॉक्साइडही. जुने लोक आधी कंदील सोडून बघत. ती रीत चांगली. प्राणवायू साधारण १६ टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते, म्हणजे थाम लुआंगच्या त्या उंचवट्यावर मेणबत्ती पेटली नसती. पण कंदील जळत राहिला म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइड ज्योतीला कळत नाही. आधी ब्लोअरने हवा मारा, कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणाला उतरवू नका, आणि आत पडलेल्याला काढायला तोंड बांधून उडी घेऊ नका. रुमालाने वायू गाळला जात नाही. असे रुग्ण दवाखान्यात येतात तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

परत गुहेकडे. नऊ दिवस मुले भिंतीवरून ठिबकणारे पाणी पिऊन राहिली होती. सापडल्यावर साहजिकच कोणालाही वाटेल की भरपूर जेवू घालावे. तेच टाळायचे असते. उपाशी शरीराला एकदम पिष्टमय अन्न मिळाले की इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेले लोक जेवण मिळाल्यावर दगावले, तेव्हापासून डॉक्टर हे ओळखून आहेत. आपल्याकडच्या पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित बाळाला वाटी-वाटीने, दर दोन-तीन तासांनी दूध देतात, तेही याचसाठी. आया रागावतात, ‘लेकरू भुकेलं हाये, अन् हे एवढंसं देतात’. त्या गुहेत थाई लष्करातले डॉक्टर पाक लोहाऱ्नशून आणि तीन नौसैनिक मुलांसोबत शेवटपर्यंत राहिले आणि अन्नाची ही शिस्त त्यांनी पाळली.

आता सर्वांत अवघड भाग. अंधाऱ्या, गढूळ पाण्याखालून, कधी जेमतेम अंगाएवढ्या फटीतून मुलाला न्यायचे. त्याला पोहता येवो न येवो, मुखवट्याखाली तो घाबरला आणि हातपाय झाडू लागला तर तोही जाणार आणि नेणाराही. ६ जुलैला समन कुनान हा अनुभवी माजी नौसैनिक वाटेत हवेच्या टाक्या ठेवून परतताना मरण पावला होता. म्हणून ऑस्ट्रेलियातील ॲडलेडचे भूलतज्ज्ञ आणि गुहा-पाणबुडे रिचर्ड हॅरिस यांना बोलावले. मुलांना भूल देऊन, सामान नेतात तसे न्यायचे, ही कल्पना त्यांनी आधी फेटाळली आणि दुसरा मार्ग नाही असे पटल्यावर स्वीकारली. सगळी मुले वाचतील असे त्यांना स्वतःलाही वाटत नव्हते. हे त्यांनी नंतर मोकळेपणाने सांगितले. काही विपरीत घडले तर थाई कायद्यापासून राजनैतिक संरक्षण मिळेल, याची हमी त्यांच्या सरकारने आधी मिळवली. आपल्याकडचे डॉक्टर हे वाक्य दोनदा वाचतील.

औषध कोणते? केटामाइन. १९६२ मध्ये तयार झालेले, व्हिएतनाम युद्धात सैनिकांना दिलेले, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत १९८५ पासून असलेले. ग्रामीण रुग्णालयातही त्याची कुपी असते. निखळलेला खांदा बसवायचा, भाजलेल्या मुलाची पट्टी बदलायची, तर आम्ही तेच देतो. सुई स्नायूत देता येते, म्हणजे ओल्या पोशाखावरून मांडीत टोचता येते. इतर भुलीच्या औषधांच्या तुलनेत श्वास आणि रक्तदाब टिकून राहतात. कातडीकडच्या रक्तवाहिन्या फारशा सैल पडत नसल्याने शरीराची ऊबही जरा कमी वेगाने जाते. पाण्यात ऊब हवेपेक्षा पंचवीसपट वेगाने वाहून जाते, तेव्हा हेही थोडे नव्हते. तोंडाला लाळ सुटते हा त्याचा दोष, आणि मुखवट्याच्या आत लाळ म्हणजे गुदमरणे, त्यासाठी अ‍ॅट्रोपिन. आधी भीती मोडायला अल्प्राझोलमची गोळी.

अडचण वेळेची. स्नायूतल्या केटामाइनचा अंमल अर्धा-पाऊण तास, आणि वाट सुमारे तीन तासांची. मध्येच मूल जागे होणार. इथे पुन्हा तो नकाशा कामाला आला. कुठे सलग बुडी आहे, कुठे डोके वर काढता येते, कुठे कोरडी जागा आहे हे ठाऊक असल्यामुळे वाटेत माणसे आणि टाक्या ठेवता आल्या, मुलाला तपासून पुन्हा सुई कुठे द्यायची हे ठरवता आले. कोरड्या टप्प्यांपैकी एकावर पशुवैद्य असलेले क्रेग चॅलन थांबले होते. बाकी ठिकाणी ही सुई पाणबुड्यांनीच दिली, ज्यांनी जन्मात कोणाला इंजेक्शन दिले नव्हते. हॅरिस यांनी त्यांना ते शिकवले. मुलाचे हात मागे बांधलेले, तोंडावर आतून हवेचा दाब राखणारा पूर्ण मुखवटा आणि टाकीत सुमारे ८० टक्के प्राणवायू. शेवटच्या दिवशी एका पाणबुड्याच्या हातून दोरी सुटली. बेशुद्ध मुलाला धरून तो अंधारात चाचपडत राहिला आणि अखेर एका कोरड्या जागी निघाला, तिथे मागून येणारे हॅरिस त्यांना भेटले.

१० जुलैला तेरावा माणूस बाहेर आला. त्यानंतर काही वेळातच आतला मुख्य पंप बंद पडला आणि उरलेले कर्मचारी चढत्या पाण्यापुढे धावत सुटले.

रुग्णालयात मुलांना काचेआड ठेवले. आई-वडिलांनी आधी काचेतूनच पाहिले. लोकांना ते कठोर वाटले, पण वटवाघळांच्या विष्ठेतली हिस्टोप्लाज्मोसिसची बुरशी आणि साचलेल्या पाण्यातला लेप्टोस्पायरोसिस यांची शंका होती. रेबीज आणि धनुर्वाताची लस, प्रतिजैविके दिली. दोघा-तिघांच्या फुप्फुसांत संसर्ग निघाला, तो बरा झाला. वजन सरासरी दोन किलोने घटले होते. वैद्यकीय तपशील २०१९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला.

बचावाची बातमी सांगताना एकच मृत्यू मोजतात. मोहिमेतल्या बेरुत पाकबारा या नौसैनिकाला त्या काळात रक्तातला संसर्ग जडला. उपचार चालू होते. डिसेंबर २०१९ मध्ये तो गेला.