मृदू कृत्रिम आमिष : घरगुती घडण, कार्य व मर्यादा

गळास लावावयाच्या आमिषाचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात : माशास प्रत्यक्ष खाद्य म्हणून मिळणारे आणि खाद्याचा केवळ आभास निर्माण करणारे. यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगा, वर्धा, अरुणावती, अडाण आदी नद्यांच्या काठी कणकेची गोळी, गांडूळ, लहान मासा अथवा बेडूक ही पहिल्या वर्गातील आमिषे परिचित आहेत. मऊ प्लॅस्टिकची गांडुळे व बेडूक दुसऱ्या वर्गात मोडतात. ही आमिषे घरच्या घरी ओतता येतात आणि ती कृती वरकरणी सोपी आहे. तथापि ज्या गुणामुळे असे आमिष मऊ राहते, तोच गुण जलाशयाच्या दृष्टीने त्याचा प्रमुख दोष ठरतो. हा कार्यकारणसंबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

आमिष घरी तयार करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. गळ, दोरी व काठी यांच्या वर्णनासोबतच कोणत्या माशास कोणते खाद्य द्यावे, याचाही विचार त्यात आढळतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यातील आमिषविचार माशाच्या आहारावर आधारलेला आहे. प्लॅस्टिकचे आमिष याहून मूलतः भिन्न आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात अ‍ॅक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ च्या सुमारास घरगुती साधनांनी प्लॅस्टिकचे गांडूळ ओतले, तेव्हापासून या प्रकाराचा प्रसार झाला.

निःसत्त्व वस्तूकडे मासा का धावतो, हे समजण्यास मरळीचे उदाहरण उपयुक्त आहे. मरळ हा दबा धरून बसणारा मांसाहारी मासा होय. भक्ष्याची आकृती व हालचाल तो डोळ्यांनी टिपतो, तर पाण्यातील सूक्ष्म कंपने माशाच्या अंगावरील पार्श्वरेखा या संवेदनेंद्रियास जाणवतात. आमिषाची शेपटी वळवळली की या दोन्ही मार्गांनी भक्ष्याची सूचना मिळते. पुढे आमिष तोंडात आल्यावर ते मऊ असल्यास मासा ते तत्काळ टाकून देत नाही आणि गळ रुतण्यास अवधी मिळतो. मार्दवाचे महत्त्व ते हेच.

हे मार्दव प्लास्टिसॉल नामक मिश्रणातून मिळते. पॉलिव्हिनिल क्लोराइड हे मुळात कठीण प्लॅस्टिक आहे. त्याचे बारीक कण प्लॅस्टिसायझर म्हणजे मार्दवकारक तेलकट द्रवात मिसळले की दुधासारखे मिश्रण तयार होते. तापविल्यावर कण द्रव शोषून फुगतात, मिश्रण घट्ट होते आणि सुमारे १७५° से. तापमानास एकजीव, पारदर्शक व ओतण्याजोगे बनते. साच्यात ते निवाले की रबरासारखी लवचिक वस्तू मिळते. रंग व चमक तापविताना मिसळतात. आमिष जड करावयाचे असल्यास मिठाची बारीक पूड घालतात.

साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा चालतो. मात्र तो पूर्ण वाळलेला असला पाहिजे. त्यात ओल राहिल्यास तप्त द्रवाच्या स्पर्शाने तिची एकदम वाफ होते आणि द्रव अंगावर उडतो. मिश्रण प्रमाणाबाहेर तापल्यास ते पिवळे पडून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो. यास्तव हे काम मोकळ्या हवेत, तापमापक वापरून व डोळ्यांना संरक्षण देऊनच करावे. त्यासाठी घेतलेले भांडे पुन्हा स्वयंपाकात वापरू नये.

आता मूळ दोषाकडे वळता येईल. प्लॅस्टिसायझरचे रेणू प्लॅस्टिकच्या शृंखलांशी रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. ते शृंखलांमध्ये शिरून त्यांना परस्परांवरून घसरू देतात. म्हणूनच वस्तू मऊ होते आणि म्हणूनच ते रेणू कालांतराने बाहेरही झिरपतात. या द्रवांपैकी थॅलेट वर्गातील काहींविषयी युरोपीय संघाने २००५ साली खेळण्यांसाठी ०.१ टक्क्याची मर्यादा घातली. शिवाय तुटून पडलेले आमिष कुजत नाही. उत्तर अमेरिकेतील सरोवरांत माशांच्या पोटात अशी आमिषे सापडल्याच्या नोंदी आहेत. यवतमाळ शहरास पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह यांसारखे जलाशय उन्हाळ्यात आटतात. पाणी कमी झाले तरी पडलेले प्लॅस्टिक तळाशीच राहते. जलाशयातील मासळीवर भोई व ढिवर कुटुंबांची उपजीविका अवलंबून असल्याने एकाच्या करमणुकीचा भार दुसऱ्याच्या अन्नावर पडतो.

पर्याय म्हणून विघटनशील जेलचा विचार करता येतो. जिलेटिन सहज मिळते. परंतु त्याचे जेल सुमारे ३५° से. तापमानास वितळते आणि यवतमाळचा उन्हाळा ४०° से. च्या वर जातो. समुद्रशैवालापासून मिळणारे आगर या बाबतीत सरस आहे. ते सुमारे ३५° ते ४०° से. ला गोठते, पण पुन्हा वितळण्यास सुमारे ८५° से. तापमान लागते. त्याची उणीव ठिसूळपणाची आहे. ग्लिसरीन मिसळल्याने काहीशी लवचिकता येते. आमिष गळावर टिकावे म्हणून आखूड कापूसतंतू मिसळण्याचा मार्ग तपासण्याजोगा आहे आणि या कापूसप्रधान जिल्ह्यात ते तंतू दुर्मिळ नाहीत.

तंतूंचे प्रमाण, फाटण्यास लागणारे बल आणि जलाशयाच्या पाण्यात विघटनास लागणारा काल या तीन राशींचे मापन साध्या प्रयोगशाळेतही शक्य आहे. गळावर टिकणारे परंतु पाण्यात न उरणारे आमिष सिद्ध करावयाचे, तर प्रारंभ या मापनापासूनच झाला पाहिजे.