भरपाई मिळाली, जाब कोण देणार?

परभणीशी नाते असलेल्या दोन तरुणांच्या आया मुलाच्या कोठडीतील मृत्यूचा जाब मागत न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. दोन मृत्यूंमध्ये जवळपास २२ वर्षांचे अंतर आहे. प्रश्न मात्र तसाच आहे: पोलिसांच्या हातून माणूस गेला, तर सरकारने पैसे दिले म्हणजे हिशेब मिटतो का?

ख्वाजा युनूस मूळचा परभणीचा, दुबईत नोकरी करणारा २७ वर्षांचा अभियंता. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये मुंबई पोलिसांनी त्याला अटक केली. औरंगाबादला नेताना पारनेरजवळ जीप उलटली आणि तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. सहआरोपीने मात्र, कोठडीत त्याला पट्ट्याने मारले आणि तो रक्ताच्या उलट्या करत होता, अशी साक्ष दिली. सीआयडीच्या तपासात पळून जाण्याची कहाणी टिकली नाही. मृतदेह आजवर मिळालेला नाही. सीआयडीने १४ पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली. सरकारने चौघांपुरतीच दिली. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने आधीचे ३ लाख धरून एकूण २० लाखांची भरपाई मंजूर केली. पण खटला वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला आणि चौघा आरोपी पोलिसांना २०२० मध्ये पुन्हा सेवेत घेण्यात आले.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. त्यात वडार समाजातील ३५ वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात नोंदले गेले. मारहाण झाली नाही, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले आणि कुटुंबाला १० लाखांची मदत जाहीर केली. आईने ती नाकारली. तिला दोषींवर गुन्हा दाखल व्हायला हवा होता. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने तसा आदेश दिला; सरकारचे अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळले.

अशा प्रकरणांत भरपाईसाठी साध्या दिवाणी दाव्याची वाट अवघड आहे. मेरठच्या पोलिसांनी जप्त केलेले सोने हवालदार घेऊन पळाला, तरी सरकार जबाबदार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कस्तुरीलाल खटल्यात म्हटले होते. राज्याच्या सार्वभौम अधिकाराची ती ढाल होती. १९८३ मध्ये रुदुल साह आणि १९९३ मध्ये नीलावती बेहरा प्रकरणांत न्यायालयाने मूलभूत हक्कांच्या आधारे भरपाई दिली आणि रिट याचिकेचा मार्ग मोकळा झाला. पोलिसांनी नेलेल्या नीलावतींच्या मुलाचा मृतदेह रेल्वे रुळाजवळ सापडला होता. त्यांना दीड लाख रुपये मिळाले.

सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने अटकेची वेळ नोंदवणे, अटकेच्या नोंदपत्रावर साक्षीदाराची सही घेणे आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणे बंधनकारक केले. याच निकालात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे: पीडिताला भरपाई सरकारने द्यावी, आणि ती रक्कम दोषीकडून वसूल करण्याचा अधिकार सरकारला आहे.

अमेरिकेत पोलिसांच्या हातून मृत्यू झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या कुटुंबाशी मिनियापोलिस शहराने मार्च २०२१ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलर्सची तडजोड केली. पैसे दिले म्हणून फौजदारी खटला थांबला नाही. पुढच्याच महिन्यात पोलीस अधिकारी दोषी ठरला. तेथील व्यवस्थेत दोष कमी नाहीत, पण दोन्ही वाटा एकमेकींच्या आड आल्या नाहीत, हे खरे.

आपल्याकडे भरपाई जनतेच्या तिजोरीतून जाते आणि ज्याच्या हातून घडले त्याचा पगार चालूच राहतो. म्हणून सोमनाथच्या आईने मदत नाकारली, यात हट्ट नाही. कोणी मारले, हे आधी ठरावे, एवढीच तिची मागणी आहे. कोठडीतील मृत्यूंसाठी दिलेली भरपाई, त्यातली दोषींकडून झालेली वसुली आणि खटल्यांची स्थिती गृहखात्याने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावी. बसू निकालाने दिलेला वसुलीचा अधिकार वापरण्यासाठी नवा कायदा लागत नाही.