डी'सोझांच्या अपॉस्ट्रॉफीचा काय दोष?

वसईतल्या किंवा गोव्यातल्या कुणा डी'सोझांना, डी'मेलोंना विचारून पाहा. ऑनलाइन फॉर्मवर स्वतःचं आडनाव लिहिणं हा त्यांच्यासाठी एक उद्योगच असतो. इंग्रजी स्पेलिंगमधली अपॉस्ट्रॉफी टाकली की लाल अक्षरांत “अवैध चिन्ह” असा शेरा येतो. गाळली तर कागदपत्रांवरच्या नावाशी मेळ बसत नाही. तक्रार केली की ठरलेलं उत्तर मिळतं, “सिक्युरिटीसाठी आहे हो ते.” या उत्तरात तथ्य थोडं आणि गैरसमज जास्त.

तथ्य आधी. डेटाबेसशी एसक्यूएल या भाषेत बोलावं लागतं. तिच्यात मजकूर एकेरी अवतरणात लिहितात, आणि कीबोर्डवर त्या अवतरणाची आणि अपॉस्ट्रॉफीची कळ एकच. प्रोग्रॅमरने तुकडे जोडून क्वेरी बनवली की तयार होतं: आडनाव = 'डी'सोझा'. डेटाबेस “डी”पाशी मजकूर संपला असं धरतो, पुढच्या “सोझा”चं काय करायचं ते न कळून एरर देतो. इथवर नुसता वैताग. पण त्याच चौकटीत कुणी ' ऑर '१'='१ असं भरलं तर क्वेरी होते: आडनाव = '' ऑर '१'='१'. एक बरोबर एक हे कायमच खरं. त्यामुळे टेबलातल्या झाडून सगळ्या नोंदी समोर येतात. हेच एसक्यूएल इंजेक्शन. जेफ फॉरिस्टल याने डिसेंबर १९९८ मध्ये “फ्रॅक” या हॅकरमंडळींच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं होतं.

आता गैरसमज: अपॉस्ट्रॉफी बंद केली की धोका टळला. मुळीच नाही. वयाच्या रकान्यात आकडा येतो, त्याला अवतरण लागतच नाही. तिथे “५ ऑर १=१” लिहिलं तरी तोच परिणाम, आणि त्यात अपॉस्ट्रॉफी औषधालाही नाही. शिवाय तो लाल शेरा बहुतेकदा ब्राउझरमधला जावास्क्रिप्ट दाखवतो. हल्लेखोर तुमचा फॉर्म उघडतच नाही, सर्व्हरला थेट रिक्वेस्ट पाठवतो. म्हणजे पहारा बसला तो फक्त डी'सोझांवर.

खरा उपाय जुना आहे आणि कंटाळवाणा वाटावा इतका सोपा: पॅरामीटर. क्वेरीत किमतीच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं. डेटाबेस आधी क्वेरीचा अर्थ लावतो, किंमत वेगळी पाठवली जाते. बँकेच्या छापील स्लिपवर नावाच्या रकान्यात कुणी “तिजोरी उघडा” असं लिहिलं म्हणून कॅशियर तिजोरी उघडत नाही, तसंच हे. आडनावात काहीही असो, ते आडनावच राहतं.

“आम्ही ओआरएम वापरतो, आम्हाला काळजी नाही,” हेही मुलाखतींमध्ये हमखास ऐकू येतं. ओआरएम म्हणजे प्रोग्रॅमरसाठी क्वेरी स्वतःच बनवून देणारं साधन. ते पॅरामीटर वापरतं हे खरं. पण एखादा रिपोर्ट अडला की तोच प्रोग्रॅमर हाताने क्वेरी लिहितो आणि पुन्हा तुकडे जोडतो. त्यात टेबलाचं किंवा कॉलमचं नाव पॅरामीटरने देता येत नाही. “कोणत्या कॉलमने यादी लावू?” हे युजरने ठरवायचं असेल, तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्ये ठेवून तिच्याशीच पडताळावं लागतं. रिव्ह्यू करताना मी आधी हीच जागा शोधतो.

हा धोका इतिहासजमा झाला असंही कुणी समजू नये. २०१५ साली ब्रिटनच्या टॉकटॉक कंपनीच्या सुमारे १ लाख ५७ हजार ग्राहकांची माहिती याच वाटेने गेली. कंपनीला ४ लाख पौंडांचा दंड झाला. ज्या डेटाबेसमध्ये भोक होतं, त्याची दुरुस्ती साडेतीन वर्षांहून जास्त काळ उपलब्ध होती. २०२३ मध्ये मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच भोक सापडलं. “आमची छोटीशी पतसंस्था, आमच्याकडे कोण येतंय?” याचं उत्तर एवढंच की माणूस येतच नाही. आपोआप चालणारे स्कॅनर येतात, आणि ते दारावरची पाटी वाचत नाहीत.

डेटाबेस फुटलाच, तर आतले पासवर्ड कसे ठेवलेत यावर पुढचं सगळं ठरतं. “आमचे पासवर्ड एन्क्रिप्टेड आहेत” हे अभिमानाने सांगितलं जातं, आणि गडबड तिथेच आहे. जे एन्क्रिप्ट होतं ते किल्ली मिळाली की उलगडतं. २०१३ साली फुटलेल्या अ‍ॅडोबीच्या डेटाबेसमध्ये पासवर्ड असेच होते. किल्ली एकच असल्याने सारख्या पासवर्डांची सांकेतिक रूपंही सारखी दिसत होती आणि शेजारीच, पासवर्ड आठवावा म्हणून लोकांनी लिहिलेल्या खुणा साध्या मजकुरात होत्या. किल्ली नसतानाही लोकांनी पासवर्ड ओळखले.

पासवर्डचा हॅश ठेवायचा असतो, म्हणजे उलट फिरवता न येणारी किंमत. पण कोणताही हॅश चालत नाही. २०१२ मध्ये लिंक्डइनचे पासवर्ड एसएचए-१ हॅशच्या रूपात बाहेर आले. तो हॅश अतिशय वेगवान, म्हणजे अंदाज करून पाहणाराही वेगवान. शिवाय त्यात सॉल्ट नव्हता. सॉल्ट म्हणजे प्रत्येक युजरसाठी जोडलेला वेगळा यादृच्छिक तुकडा. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी तो १९७९ च्या लेखातच सांगितला होता. सॉल्ट गुपित असावा लागत नाही, वेगवेगळा असावा लागतो. १९९९ चं बीक्रिप्ट किंवा २०१५ साली पासवर्ड-हॅशची स्पर्धा जिंकलेलं आर्गॉन२ वापरा. दोन्ही मुद्दाम संथ आहेत.

मराठीत पासवर्ड ठेवणाऱ्यांसाठी एक बारकावा. बीक्रिप्ट ७२ बाइटच पाहतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेतं. एकट्या “महाराष्ट्र”चे ३० बाइट होतात. २४ चिन्हांनंतरचं सगळं कित्येक ठिकाणी मुकाट्याने गळून जातं.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्तीही आता कालबाह्य आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने २०१७ सालीच ती नको म्हटलं, कारण लोक शेवटचा आकडा वाढवून मोकळे होतात. फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदलायलाच हवा.

ग्राहकाला कोड दिसत नाही, पण एक चाचणी घरबसल्या करता येते. “पासवर्ड विसरलात?” वर क्लिक करा. नवा पासवर्ड ठेवायची लिंक आली तर ठीक. तुमचा जुनाच पासवर्ड मेलमध्ये लिहून आला, तर तो उलगडता येईल अशा रूपात त्यांच्याकडे पडलेला आहे. तो आणखी कुठे वापरत असाल तर तिथला आजच बदला.