पाठमोऱ्या तोफेपासून फामागुस्तापर्यंत

नगरच्या रणगाडा संग्रहालयात एक गाडी अशी आहे, की पहिल्यांदा बघणाऱ्याला ती उलटी उभी केल्यासारखी वाटते. गाडीचं तोंड एकीकडे आणि तोफेची नळी नेमकी दुसरीकडे. तिचं नाव आर्चर. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांचं चिलखत इतकं जाड होत गेलं, की ते फोडायला ब्रिटिशांना 17 पौंडी तोफ लागू लागली. ही तोफ लांबलचक, आणि हाताशी असलेला व्हॅलेंटाइन रणगाड्याचा सांगाडा लहान. मग तोफ मागे तोंड करून बसवली. गोळा सुटला की तोफेचा मागचा भाग धक्क्याने थेट चालकाच्या जागेत येई, म्हणून तोफ डागण्याआधी चालकाला जागा सोडावी लागे. पण त्याच अडचणीतून एक सोय झाली. गोळा डागायचा आणि गाडी न वळवता सरळ पुढच्या गियरमध्ये निघून जायचं.

रणगाड्याची सगळी विद्या या एका गाडीसमोर उभं राहून समजते. चिलखत, तोफ आणि वेग, या तिघांचं आपसात कधीच पटत नाही. चिलखत जाड केलं की वजन वाढतं आणि वेग मरतो. वेग राखायचा तर चिलखत पातळ ठेवावं लागतं. तोफ मोठी हवी, तर तिला पेलणारा सांगाडा मोठा हवा. या तिघांची तडजोड प्रत्येक देशाने आपल्या परीने केली. त्या तडजोडी नगरला हिरवळीवर शेजारी शेजारी उभ्या आहेत.

सोलापूर रस्त्याच्या बाजूला, निजामशाहीतल्या फराहबागेजवळ हे संग्रहालय आहे. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं असलं, तरी बोलताना लोक अजून नगरच म्हणतात. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने, म्हणजे रणगाडा दलाच्या मुख्य प्रशिक्षण केंद्राने, फेब्रुवारी 1994 मध्ये ते उभं केलं. सुमारे पन्नास गाड्या आणि तोफा इथे आहेत. ब्रिटन, अमेरिका, जर्मनी, जपान, फ्रान्स, रशिया आणि अर्थातच भारत, असा त्यांचा गोतावळा आहे. तोफेशी या गावाचं नातं जुनं आहे. विजापूरच्या बुरुजावरची मुलुख-मैदान तोफ 1549 साली याच नगरात, निजामशाहीच्या पदरी असलेल्या महंमद बिन हुसेन रुमी या कारागिराने ओतली. पंचावन्न टनांच्या आसपास वजनाची ती तोफ जिथे घडली, त्याच गावात आज देशाचे रणगाडेस्वार घडतात.

या दलाला कॅव्हलरी म्हणतात, म्हणजे घोडदळ. घोडे गेले, शब्द राहिले. आजही रणगाड्यातला साधा जवान ‘सवार’ असतो, पुढे तो दफेदार होतो आणि मग रिसालदार. 1938 साली सिंध हॉर्स या रिसाल्याने घोडे कायमचे सोडले आणि गाड्या घेतल्या. त्याची आठवण म्हणून रणगाडा दल 1 मे हा आपला दिवस पाळतं. महाराष्ट्र दिनाच्या सकाळी नगरच्या छावणीत हा दुसरा सणही असतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

संग्रहातली सर्वांत जुनी गाडी रोल्स-रॉइसची चिलखती मोटार आहे. सिल्व्हर घोस्ट या नामांकित मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रा चढवला, वर फिरतं टरेट आणि मशिनगन बसवली, की झाली लढाऊ गाडी. पहिल्या महायुद्धात वाळवंटात या गाड्यांनी नाव कमावलं. तिच्या नळ्या, पत्र्यांचे जोड, रिबिटं जवळून पाहावीत. हातकामाच्या काळातलं यंत्र कसं असतं ते दिसतं.

पुढे मॅटिल्डा आणि 88 मिलिमीटरची जर्मन तोफ एकत्र आठवावी. मॅटिल्डाचं पुढचं चिलखत 78 मिलिमीटरचं. 1940-41 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत इटालियन तोफांचे गोळे त्यावरून नुसते उडून जात. तिच्यापुढे काही टिकत नाही असं वाटत असताना जर्मनांनी विमानं पाडण्यासाठी बनवलेली 88 ची तोफ जमिनीला समांतर केली आणि मॅटिल्डाची सद्दी संपली. विमानाचा वेध घेणारी तोफ रणगाड्यावर वळवता येईल, हे त्या यंत्राला ठाऊक नव्हतं. माणसाला सुचलं.

शर्मन क्रॅब हा रणगाडा मुलांना सर्वांत जास्त आवडतो. त्याच्या तोंडाशी आडवा फिरणारा रूळ आणि त्याला लोंबणाऱ्या जड साखळ्या. रूळ फिरला की साखळ्या जमिनीला झोडपतात आणि पुरलेले सुरुंग रणगाड्याच्या पुढेच फुटतात. खळ्यात धान्य झोडपणाऱ्या आपल्या माणसाला ही कल्पना लगेच कळते. काम करताना हा तीस टनांचा गडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू सरकत असे. शेजारी जपानचा हा-गो अगदीच किरकोळ दिसतो. वजन साडेसात टनांच्या आत आणि चिलखत जेमतेम 12 मिलिमीटरचं. मलायाच्या जंगलात, जिथे समोर रणगाडेच नव्हते, तिथे तो भारी पडला. 1945 साली ब्रह्मदेशातल्या मेइक्तिलाच्या लढाईत प्रोबिन्स हॉर्स आणि डेक्कन हॉर्स हे भारतीय रिसाले शर्मन घेऊन उतरले, तेव्हा चित्र पालटलं होतं.

ही सगळी जगाची कथा झाली. संग्रहालयाचा जीव मात्र 1965 आणि 1971 या दोन सालांत आहे.

पॅटन पाहिल्याशिवाय नगरहून कोणी परतत नाही. 90 मिलिमीटरची तोफ असलेला हा अमेरिकी रणगाडा 1965 मध्ये पाकिस्तानच्या हातातला हुकमी पत्ता होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खेमकरणच्या बाजूने पॅटनची फौज आत शिरली. समोर होते 3 कॅव्हलरीचे सेंच्युरियन, 8 कॅव्हलरीचे फ्रेंच बनावटीचे हलके एएमएक्स-13 आणि डेक्कन हॉर्सचे महायुद्धातले म्हातारे शर्मन. आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेच्या आकारात मोर्चे बांधले, उसाच्या शेतांत पाणी सोडलं आणि वाट पाहिली. पॅटन चिखलात रुतले आणि तिन्ही बाजूंनी तोफा सुटल्या. जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेने हवालदार अब्दुल हमीद यांनी एकामागून एक रणगाडे टिपले आणि तिथेच देह ठेवला. ते परमवीर ठरले. भारतीय नोंदींनुसार शत्रूचे 97 रणगाडे तिथे पडले. त्या गावाचं नावच असल उत्तर, म्हणजे खरं उत्तर.

डेक्कन हॉर्सचं नेतृत्व त्या वेळी अलिबागचे अरुणकुमार वैद्य करत होते. त्या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. सहा वर्षांनी, 1971 मध्ये, शकरगडच्या आघाडीवर 16 स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख म्हणून त्यांना तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं आणि पुढे ते लष्करप्रमुख झाले. शर्मनसमोर उभं राहिलात तर हे लक्षात ठेवा: वीस वर्षं जुनं यंत्र घेऊन एक मराठी अधिकारी त्या काळच्या सर्वोत्तम म्हणवणाऱ्या रणगाड्यापुढे ठाम राहिला.

सेंच्युरियनशी आपलं नातं आणखी जवळचं आहे. सेंच्युरियनवर लढलेला पूना हॉर्स हा रिसाला 1817 साली, दुसऱ्या बाजीरावाशी झालेल्या तहातून उभा राहिला. नावात पुणे, आणि त्याच्या दोन परमवीरांचंही पुण्याशी नातं. लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर पुण्यात शिकले. 11 सप्टेंबर 1965 ला फिलोऱ्यावर त्यांनी सेंच्युरियन नेले, जखमी झाले, तरी मागे जायला नकार दिला. 16 तारखेला ते धारातीर्थी पडले. आपला अंत्यसंस्कार रणांगणावरच व्हावा, ही त्यांची इच्छा जवानांनी पुरी केली. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पुण्यात जन्मले. 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या काठी त्यांच्या सेंच्युरियनला आग लागली. वरिष्ठांनी रणगाडा सोडायला सांगितलं. तोफ अजून चालते आहे, असं कळवून ते लढत राहिले. वय 21. सायप्रसमधल्या एका बंदराच्या नावावरून त्या रणगाड्याचं नाव फामागुस्ता ठेवलेलं होतं. तो पाकिस्तानच्या हाती गेला, पुढे परत मिळाला आणि आज नगरच्याच प्रशिक्षण केंद्राच्या आवारात जपून ठेवला आहे. बसंतरला पूना हॉर्स ज्या ब्रिगेडमधून लढला, ती वैद्यांचीच होती. म्हणजे असल उत्तरचा धागा बसंतरपर्यंत येतो आणि दोन्ही टोकं नगरात एकत्र बांधली जातात.

पूर्वेकडची जोडी वेगळी आहे. रशियन पीटी-76 हा चौदा टनांचा, पाण्यात तरंगणारा रणगाडा. चिलखत पातळ, पण नद्यांच्या बांगलादेशासाठी तोच योग्य. नोव्हेंबर 1971 मध्ये गरीबपूरला दाट धुक्यात 45 कॅव्हलरीच्या या रणगाड्यांनी पाकिस्तानच्या अमेरिकी शाफी रणगाड्यांच्या स्क्वाड्रनचा फडशा पाडला. आपल्या स्क्वाड्रनचे प्रमुख मेजर दलजितसिंग नारग त्यात कामी आले. पीटी-76 आणि शाफी, दोन्ही वैरी आज नगरात एकाच सावलीत उभे आहेत.

मग विजयंता. मूळ आराखडा ब्रिटिश विकर्सचा, पण मद्रासजवळच्या आवडीच्या कारखान्यात 1965 च्या अखेरीस पहिला रणगाडा बाहेर पडला आणि भारत रणगाडे बनवणाऱ्या देशांत जाऊन बसला. 105 मिलिमीटर तोफेच्या या गाडीपाशी थोडा जास्त वेळ थांबावं. तोवर पाहिलेलं सगळं दुसऱ्यांनी बनवलेलं होतं.

रणगाड्यावर चढणं वेगळं आणि त्याच्या आत चार माणसं कशी बसत असतील याचा विचार करणं वेगळं. चालक खाली, अरुंद फटीतून बाहेर बघणारा. वर टरेटमध्ये तोफची, गोळा भरणारा आणि कमांडर, गुडघ्याला गुडघा लागलेले. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत इंजिनाची धग, बारुदाचा धूर, कानात रेडिओ. चौघांपैकी एकाने कच खाल्ली, तर पन्नास टनांचं लोखंड नुसतं लोखंड उरतं. पॅटनची तोफ वाईट नव्हती आणि शर्मन चांगला नव्हता. फरक पडला तो शेतात पाणी कुठे सोडायचं हे ओळखणाऱ्या आणि जळत्या गाडीत ट्रिगरवरचा हात न काढणाऱ्या माणसांमुळे.

दरवर्षी लाखो लोक शिर्डीला आणि शनिशिंगणापूरला जाताना नगरवरून जातात. बायपासने सरळ निघून जाऊ नका. मुलांना घेऊन दोन तास इथे घालवा. फोटो काढाच, पण आधी प्रत्येक गाडीपुढची पाटी वाचा, आणि मुलांना तारापोर, खेत्रपाल आणि वैद्य ही तीन नावं सांगा.